दुखण्याची कैफियत

पन्नाशी-साठी ओलांडलेली चार माणसे एकत्र बसली की बोलणे हवापाण्यावरून प्रकृतीवर आणि प्रकृतीवरून औषधांवर येते, आणि तेथे कोणीतरी हमखास म्हणते, की कोलेस्टेरॉलची ती गोळी मला मानवत नाही. मानवणे हे आपल्या भाषेतील मोठे अर्थपूर्ण क्रियापद आहे. अन्न मानवते, हवा मानवते, एखाद्या गावचे पाणी मानवते, तसेच औषधही मानवते किंवा मानवत नाही, आणि या बाबतीत देहाने दिलेला कौल अखेरचा समजावयाचा, अशी आपली जुनी वहिवाट आहे. जिना चढताना मांड्या भरून येतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी उठताना खांदे धरलेले असतात. गोळी सुरू झाल्याला महिना झालेला असतो आणि दुखणेही त्याच महिन्याचे असते. मग गोळ्यांची पट्टी खणात मागे सरकते, आणि डॉक्टरांच्या कानांवर ही गोष्ट पुष्कळदा जातच नाही. या दुखण्याची कैफियत नीट ऐकून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. दुखते की नाही हा एक प्रश्न आहे आणि गोळीने दुखते की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देण्याचा अधिकार सर्वस्वी रुग्णाचा. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्याच्या एकट्याच्या जबानीवरून देता येत नाही, आणि ते कसे द्यावे हे उमगण्यास वैद्यकाला चाळीसएक वर्षे लागली.

कोलेस्टेरॉलची ही गोळी ज्या स्टॅटिन नावाच्या औषधवर्गातील आहे त्याचा जनक अकिरा एन्दो हा जपानच्या उत्तरेकडील अकिता प्रांतात, शेतकऱ्याच्या घरी, १९३३ साली जन्मला. अळंबी आणि बुरशी यांची ओढ त्याला बालपणापासून होती, आणि बुरशीतून पेनिसिलिन शोधणारा फ्लेमिंग हा त्याचा आदर्श होता. १९५७ साली तो सांक्यो या औषध कंपनीत रुजू झाला. पुढे १९६६ पासून दोन वर्षे न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करीत असताना हृदयविकाराने त्या समृद्ध देशात किती माणसे दगावतात हे त्याने डोळ्यांनी पाहिले, आणि परतल्यावर एका साध्या परंतु अत्यंत धाडसी तर्काचा पाठपुरावा त्याने सुरू केला. बुरशी आपल्या बचावासाठी इतर जीवांना मारक अशी द्रव्ये निर्माण करते. कित्येक जीवांना जगण्यासाठी कोलेस्टेरॉल किंवा त्याच जातीचे द्रव्य लागते. तेव्हा त्या द्रव्याच्या निर्मितीतच खोडा घालणारी एखादी बुरशी निसर्गात असलीच पाहिजे. १९७१ पासून दोन वर्षे सुमारे सहा हजार सूक्ष्मजीवांचे वाण तपासल्यानंतर, क्योतो शहरातील धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत, पेनिसिलियम सिट्रिनममध्ये, त्याला हवे ते द्रव्य गवसले. त्याचे नाव काँपॅक्टिन. उंदरांवर ते मुळीच लागू पडले नाही, आणि एन्दोची सारी मेहनत तेथेच दफ्तरी दाखल व्हावयाची. पण अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना ते खाऊ घालून पाहण्याची तजवीज झाली, आणि त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरले.

मानवी देहात हे द्रव्य प्रथम कसे वागले, ही हकीकत आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जाते. ओसाका येथे अकिरा यामामोतो हे वैद्य अशा रुग्णांवर उपचार करीत, की ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जन्मतःच बेसुमार असते आणि ज्यांना कोवळ्या वयात हृदयविकार गाठतो. १९७८ च्या फेब्रुवारीत त्यांनी अशाच एका अठरा वर्षांच्या मुलीला दररोज ५०० मिलिग्रॅम काँपॅक्टिन देण्यास आरंभ केला. आज आपल्याकडे दहा-वीस मिलिग्रॅमच्या गोळ्या घेतल्या जातात, आणि औषधे भिन्न असली तरी तेव्हाची मात्रा किती अवाढव्य होती याची यावरून कल्पना यावी. दोन आठवड्यांत कोलेस्टेरॉल सुमारे वीस टक्क्यांनी उतरले. त्याच दोन आठवड्यांत मुलीच्या स्नायूंतील बळ ओसरू लागले, आणि स्नायूंना इजा झाली म्हणजे रक्तात चढणारे क्रिएटिन कायनेज हे विकर वाढलेले आढळले. यामामोतोंनी औषध थांबविले. स्नायूंची तक्रार या औषधाला मागाहून चिकटलेली बदनामी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग ध्यानी घ्यावा; पहिल्याच रुग्णाच्या नोंदीत ती तक्रार आहे, आणि तिच्यासोबत रक्ततपासणीचा पुरावाही आहे.

स्नायूंना या औषधाचे वावडे का असावे, हे समजण्यासाठी यकृतातील कारखान्यात डोकावावे लागते. कोलेस्टेरॉल हा देहाचा वैरी नव्हे. पेशींची आवरणे, पित्तातील आम्ले आणि अनेक संप्रेरके त्याच्यावाचून घडत नाहीत, म्हणून देह ते स्वतःच तयार करतो आणि त्याचा मोठा वाटा यकृत उचलते. एका साध्या रेणूपासून कोलेस्टेरॉलपर्यंत तीसएक पायऱ्यांचा प्रवास आहे, आणि त्यातील अगदी आरंभीच्या एका पायरीवर एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचे विकर नाकेदारासारखे बसलेले आहे. स्टॅटिन त्या नाकेदाराची जागा अडविते. उत्पादन मंदावले की यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर ग्राहक-रेणूंची संख्या वाढवितात आणि रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल ओढून घेतात. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्या नाक्यावरून जाणारा रस्ता पुढे फुटतो, आणि त्याच्या आडवाटांवर पेशीला लागणारी इतरही द्रव्ये तयार होतात, त्यांत पेशीतील ऊर्जानिर्मितीला आवश्यक असलेले युबिक्विनोनही आहे. नाका अडला की या वाटाही थोड्याफार कोरड्या पडतात. स्नायू हा भरपूर ऊर्जा खर्चणारा अवयव असल्याने त्याला ही टंचाई प्रथम जाणवत असावी, असे एक अनुमान आहे. स्नायुपेशीतील कॅल्शियमच्या कणांची ने-आण बिघडते असे दुसरे. युबिक्विनोनच्या गोळ्या घेतल्या म्हणजे दुखणे हटते, असा समज बाजारात दृढ आहे, पण परीक्षणांतून त्याला निर्विवाद आधार मिळालेला नाही, आणि त्या महागड्या गोळ्यांवर पैसे घालण्यापूर्वी वाचकांनी हे जाणून असावे.

औषध यकृतातच राहिले आणि स्नायूंपर्यंत फारसे पोहोचले नाही तर तंटाच उरत नाही. यकृताच्या देवडीवर एक प्रथिन पहाऱ्यास असते. ते रक्तातून आलेले स्टॅटिन आत घेते. काही माणसांत हे प्रथिन घडविणाऱ्या जनुकात जन्मजात एक लहानसा फरक असतो, त्यामुळे पहारेकरी मंद होतो, औषध रक्तातच रेंगाळते आणि तेथून स्नायूंत शिरते. २००८ साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सिंव्हास्टॅटिनची ८० मिलिग्रॅमची जबर मात्रा घेणाऱ्यांपैकी ज्यांचे स्नायू खरोखर बिघडले होते त्यांच्या जनुकांची छाननी झाली, तेव्हा हा फरक आईबापांपैकी एकाकडून आला असल्यास धोका सुमारे साडेचार पटींनी, आणि दोघांकडूनही आला असल्यास सुमारे सतरा पटींनी वाढतो असे दिसले. २०११ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी ती ८० ची मात्रा नव्या रुग्णांना देण्यास मनाई केली. दुसऱ्या औषधांची संगतही कधी घातक ठरते. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके, बुरशीनाशक औषधे, किंबहुना पपनसाच्या कुळातील ग्रेपफ्रूटचा रसदेखील काही स्टॅटिनांचा निचरा रोखून त्यांची रक्तातील पातळी चढवितो.

या संगतीचा भयंकर दाखला २००१ साली जगापुढे आला. सेरिव्हास्टॅटिन हे नवे औषध घेणाऱ्यांत, विशेषतः त्यासोबत जेमफायब्रोझिल नावाचे दुसरे औषध घेणाऱ्यांत, स्नायुपेशी थव्याथव्याने फुटू लागल्या. स्नायू असे विरघळले की त्यांतील लाल प्रथिन रक्तात उतरते, लघवी काळ्या चहासारखी होते आणि त्या भाराखाली मूत्रपिंडे निकामी होतात. ५२ मृत्यूंच्या नोंदी पुढे आल्या, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बायर कंपनीने ते औषध बाजारातून काढून घेतले. आज वापरात असलेल्या स्टॅटिनांनी ही आपत्ती वर्षाकाठी लाखांत दोनचार जणांवर ओढवते. ती विरळा आहे म्हणून दुर्लक्षावी असे नाही. ज्याची लघवी काळवंडली आणि अंगातले बळ अकस्मात गेले, त्याने ती गोळी तत्क्षणी थांबवून रुग्णालय गाठावे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, की मग गोळी घेताच कशाला? १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील परीक्षणाकडे त्याने पाहावे. हृदयविकार जडलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिंव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. सुमारे साडेपाच वर्षांत निष्क्रिय गोळीच्या गटातील २५६ माणसे मरण पावली, औषधाच्या गटातील १८२. एवढे जीव वाचविणारी गोळी खणात पडून राहते तेव्हा काय गमावले जाते, याचा हिशेब त्या दोन आकड्यांत आहे, आणि त्यासाठीच दुखण्याच्या कारणाची चौकशी काटेकोर व्हावयास हवी.

या चौकशीत संशोधकांना प्रथमपासून एक विसंगती छळीत होती. दवाखान्यांत स्नायुदुखीची तक्रार घेऊन येणारे रुग्ण पुष्कळ. परंतु ज्या परीक्षणांत रुग्ण आणि वैद्य या दोघांनाही गोळी खरी की खोटी हे ठाऊक नसते, त्यांत दोन्ही गटांची दुखणी जवळजवळ सारखी. ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर युरोपातील दहा हजारांवर लोकांच्या एका मोठ्या परीक्षणाने हा पेच विलक्षण रीतीने उघड केला. त्याच्या पहिल्या पर्वात कोणालाच काही ठाऊक नव्हते. त्या मुदतीत स्नायूंच्या तक्रारी औषधाच्या गटात वर्षाला शेकडा २.०३ आणि निष्क्रिय गोळीच्या गटात २.०० होत्या. पुढच्या पर्वात पडदा दूर झाला आणि ज्याला हवे त्याला उघडपणे स्टॅटिन घेण्याची मुभा मिळाली. तेव्हा घेणाऱ्यांत तक्रारी १.२६ आणि न घेणाऱ्यांत १.०० झाल्या. औषध तेच होते. दुसऱ्या पर्वात माणसाला आपण काय गिळतो हे ठाऊक होते, एवढाच फरक पडला होता.

पण हजारांची सरासरी एका माणसाला काय सांगणार? ज्याच्या पोटऱ्या रात्री वळतात त्याला दहा हजारांच्या कोष्टकाने समाधान मिळत नाही, आणि मिळूही नये. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी २०२० साली जे परीक्षण प्रसिद्ध केले त्याचे मोल मला याच कारणाने फार वाटते, कारण त्यांनी प्रत्येक रुग्णाला स्वतःचीच साक्ष स्वतःपुढे ठेवण्याची संधी दिली. स्टॅटिन सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्रास झाला म्हणून ज्यांनी ते सोडले होते अशा ६० जणांना त्यांनी प्रत्येकी बारा बाटल्या दिल्या: चारांत २० मिलिग्रॅमचे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, चारांत हुबेहूब तशीच निष्क्रिय गोळी, आणि चार बाटल्या रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली उघडावयाची, तीही अनियमित क्रमाने, आणि दररोज आपल्या त्रासाला शून्यापासून शंभरपर्यंत गुण देऊन ते मोबाइलवर नोंदवावयाचे. वर्ष संपले तेव्हा बेरीज अशी निघाली: रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रासाचे सरासरी गुण ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि निष्क्रिय गोळीच्या महिन्यांत १५.४. गोळी घेतली म्हणजे त्रास दुप्पट होत होता हे रुग्णांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. मात्र त्यातील नव्वद टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही होत होता. गोळी थांबविली की बरे वाटते, तेव्हा दोष गोळीचाच, हा जो आपला नेहमीचा युक्तिवाद, तोही येथे लटका पडला, कारण निष्क्रिय गोळी थांबविल्यावरही तितकेच बरे वाटत होते. हे आकडे रुग्णांना त्यांच्या स्वतःच्या नोंदींतून दाखविण्यात आले, आणि सहा महिन्यांनी पाहिले तर निम्मे रुग्ण पुन्हा स्टॅटिन घेऊ लागले होते.

अपायाच्या अपेक्षेने होणाऱ्या या अपायाला नोसिबो म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मी अपाय करीन’, आणि वॉल्टर केनेडी यांनी १९६१ साली तो शब्द वैद्यकात आणला. येथे एक गोष्ट मला कळकळीने सांगावयाची आहे. नोसिबो म्हणजे दुखण्याचे ढोंग नव्हे, मनाचा दुबळेपणा नव्हे, आणि ‘तुम्हाला उगीच वाटते’ असे म्हणून रुग्णाला वाटेला लावणारा वैद्य चुकतो. इटलीतील फाब्रित्सिओ बेनेदेत्ती आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली दाखविले, की वेदना वाढेल या अपेक्षेने वाढणारी वेदना कोलेसिस्टोकायनिन या रसायनाला अटकाव करणारे औषध दिल्यास रोखता येते. अर्थात अपेक्षा मज्जातंतूंत रसायनाच्या रूपाने उतरते आणि तेथे सुईच्या टोचण्याइतकीच सत्य होते. साठीच्या देहात गुडघे, कंबर, पोटऱ्या यांच्या बारीकसारीक कुरबुरी नित्य चालूच असतात. एरवी मन त्या ऐकत नाही, पण ‘ही गोळी स्नायू खाते’ असे एकदा कानी पडले म्हणजे तेच मन प्रत्येक कुरबुरीची नोंद घेऊ लागते. ब्रिटनमध्ये २०१३ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या मार्चपर्यंत स्टॅटिनच्या दोषांवर वृत्तपत्रांतून मोठा वाद झडला. त्यानंतरच्या सहा महिन्यांत तेथे दोन लाखांहून अधिक रुग्णांनी गोळी सोडली असावी, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. आपल्याकडे हेच काम मोबाइलवरून घरोघर फिरणारे निरोप करतात.

तरीही सारे दुखणे अपेक्षेच्या पदरी घालून मोकळे होता येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात ज्यांना अनेक स्टॅटिने सोसली नव्हती अशा ४९१ जणांना, नकळत, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि निष्क्रिय गोळी आळीपाळीने देण्यात आली, तेव्हा शेकडा ४२.६ जणांना त्रास झाला तो केवळ खऱ्या औषधाने, आणि २६.५ जणांना केवळ निष्क्रिय गोळीने. म्हणजे अशा निवडक रुग्णांत पुष्कळांची तक्रार औषधाविरुद्धच टिकणारी निघाली. याखेरीज फार थोड्या लोकांत स्टॅटिनमुळे त्या नाकेदार विकराविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात आणि औषध थांबविल्यावरही स्नायू झडतच राहतात. त्यांच्यावर वेगळे, प्रतिकारशक्ती आवरणारे उपचार करावे लागतात. २०२२ साली ऑक्सफर्डच्या पुढाकाराने १९ परीक्षणांतील १,२३,९४० लोकांच्या नोंदी एकत्र तपासण्यात आल्या: स्नायूंच्या तक्रारी स्टॅटिन घेणाऱ्यांत शेकडा २७.१, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २६.६. जी थोडी वाढ दिसली ती मुख्यतः पहिल्या वर्षातील, हजार माणसांमागे अकराएक जणांची, आणि त्या वर्षीदेखील स्टॅटिन घेणाऱ्यांच्या दर पंधरा तक्रारींत औषधाचा हात एखाद्याच तक्रारीत होता.

आपल्या वाचकांनी या प्रकरणात दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. अवटु ग्रंथी, जिला सर्वजण थायरॉइड म्हणतात, ती मंदावली म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल चढते आणि स्नायूही दुखू लागतात. असा रुग्ण चढलेल्या कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेतो, दुखण्याचा दोष स्टॅटिनवर टाकतो, आणि दोन्हींचे मूळ असलेली ग्रंथी बिनचौकशी राहते. हा विकार आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांत, मुळीच दुर्मिळ नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही अंग दुखते, आणि एवढे ऊन असलेल्या या देशात ती कमतरता घरोघर आहे. दुसरी गोष्ट अशी, की रोझुव्हास्टॅटिन हे आपल्याकडे सर्रास लिहून दिले जाणारे औषध आशियाई वंशाच्या लोकांच्या, भारतीयही त्यांत आले, रक्तात गोऱ्या लोकांच्या मानाने बरेच अधिक चढते. म्हणून अमेरिकेच्या नियंत्रकांनी आशियाई रुग्णांसाठी आरंभाची मात्रा ५ मिलिग्रॅमच ठेवण्यास सांगितले आहे. पाश्चात्त्य पुस्तकातील मात्रा आपल्या देहास जशीच्या तशी लागू करू नये.

तेव्हा दुखू लागले तर पट्टी खणात न लपविता डॉक्टरांकडे जावे आणि तपशील द्यावा: दुखणे दोन्ही अंगांना सारखे आहे की एकाच बाजूला, मांड्या-दंडांसारख्या मोठ्या स्नायूंत आहे की सांध्यांत, गोळीनंतर किती दिवसांनी सुरू झाले, दुसरी कोणती औषधे चालू आहेत. क्रिएटिन कायनेज आणि थायरॉइड तपासून, दोनचार आठवडे गोळी तहकूब ठेवून, तीच कमी मात्रेने किंवा तिच्याच कुळातील दुसरी सुरू करून पाहण्याचा शिरस्ता आहे. पुष्कळांना दुसरी किंवा तिसरी गोळी मानवते. ज्यांना कोणतीच मानवत नाही त्यांच्यासाठी आता बेंपेडोइक आम्लासारखे औषध आहे, ज्याला कार्यक्षम करणारे विकर यकृतात असते पण हातापायांच्या स्नायूंत नसते. आणि ओसाकाची ती मुलगी? तिचे औषध थांबविल्यावर स्नायूंतील अशक्तपणा ओसरला; यामामोतोंनी मात्रा पुष्कळ खाली आणून उपचार पुन्हा सुरू केले, आणि मग इतर रुग्णांनाही कमी मात्रेने औषध देऊन पाहिले. त्यांचे कोलेस्टेरॉल सरासरी तीस टक्क्यांनी उतरले, आणि त्यांच्या स्नायूंनी तक्रार केली नाही.